वाटीला वाटी की किलोला दीड किलो? फळांचं माप वजनात कसं बदलायचं

लग्न करून साताऱ्याहून बडोद्याला आले, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कैरीच्या दिवसांत दरवर्षी एक वाद ठरलेला असायचा. आईनं मला शिकवलेलं माप होतं 'वाटीला वाटी'. एक वाटी कैरीचा कीस, एक वाटी साखर. शेजारच्या बेन छुंदा (किसलेल्या कैरीचं गुजराती गोड लोणचं) घालायच्या, त्यांचं म्हणणं, "एक किलो केरी, दोढ किलो खांड. एनाथी ओछुं नहीं." त्यांना आमचं माप कंजूष वाटे, मला त्यांचं गोडमिट्ट.

मग एका उन्हाळ्यात घरात वजनकाटा आला आणि मी गंमत म्हणून आईची वाटी त्यावर ठेवली. वाटी १५० मिलिलिटरची. राजापुरी कैरीचा सैल भरलेला कीस ८२ ग्रॅम भरला. त्याच वाटीत साखर भरली ती १२५ ग्रॅम. ८२ ला १२५, म्हणजे किलोला दीड किलो. आई आणि बेन इतकी वर्षं एकच प्रमाण सांगत होत्या, एक वाटीच्या भाषेत आणि दुसरी काट्याच्या.

नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. वाटी मापते ती जागा, काट्यावर कळतो तो माल, आणि फळाच्या बाबतीत या दोहोंत फार अंतर पडतं. साखरेची वाटी कुणीही भरली तरी वजन साधारण तेवढंच येतं. फळाचं तसं नाही. ते कसं चिरलं, किती पिकलं, कुणाच्या हातानं भरलं, यावर एकाच वाटीत दीडपट फरक पडू शकतो. म्हणून एकदाच बसून आपल्या घरचे आकडे काढून ठेवायचे. एका दुपारचं काम आहे.

पहिलं काम: काटा आणि वाटी तपासणं

घरगुती इलेक्ट्रॉनिक काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत वजन पेलणारा, एवढा पुरे. तो ओट्यावर सपाट ठेवायचा. खाली वर्तमानपत्र किंवा पुसणं असलं की आकडा डळमळतो. रिकामं भांडं ठेवून शून्याचं बटण दाबायचं, मग त्यात माल घालायचा. भांड्याचं वजन वजा करत बसावं लागत नाही. नवीन माणसाला मी हेच बटण आधी दाखवते, कारण कित्येकजण काटा घेऊन दोन वर्षं झाली तरी वजाबाकी करत असतात.

काटा खरं बोलतो का, हे बघायला अर्ध्या लिटरची दुधाची न फोडलेली पिशवी ठेवा. दूध पाण्याहून थोडं जड असतं, म्हणून ५०० मिलिलिटर दूध ५१५ ग्रॅमच्या आसपास भरतं, वर पिशवीचे दोन-तीन ग्रॅम. काटा ४८० किंवा ५५० दाखवत असेल तर आधी सेल बदला.

आता वाटी. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आमच्या घरातल्या चार 'सारख्या' वाट्या मी अशा मापल्या तेव्हा त्या १२० पासून १८० मिलिलिटरपर्यंत निघाल्या. त्यातल्या एकीलाच मापाची वाटी ठरवायचं आणि तिच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून टाकायचा. घरातल्या बाकीच्यांना त्या ठिपक्याचा अर्थ सांगून ठेवा, नाहीतर ती वाटी नेमकी डब्यातून ऑफिसला जाते.

कप कुणाचा?

पाककृती कुठली आहे ते बघितल्याशिवाय कपाचं वजन करायला जाऊ नका. अमेरिकन कप २३७ मिलिलिटरचा, व्यवहारात २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५०. जपानचा २०० च. जुन्या इंग्रजी पुस्तकांतला कप अर्ध्या पाइंटचा, म्हणजे २८४. टेबलस्पून आपल्याकडे आणि अमेरिकेत १५ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात मात्र २०. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे प्लास्टिकचे मापाचे कप कधी २४० चे असतात, कधी २५० चे. वर छापलेला आकडा वाचा, आणि छापलेला नसेल तर पाण्यानं मापा.

औंसाच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. वजनाचा औंस २८ ग्रॅमचा आणि द्रवाचा औंस साधारण ३० मिलिलिटरचा. आठ द्रव-औंसांचा एक कप होतो, हे कुठेतरी वाचून लोक '८ औंस स्ट्रॉबेरी' म्हणजे एक कप असं धरतात. ते २२७ ग्रॅम असतात, म्हणजे अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरींचा जवळजवळ दीड कप. पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम, त्यात काही घोळ नाही.

फळ कसं कापलं, त्यावर सगळं

द्राक्ष पाण्यात टाकलं तर बुडतं. म्हणजे ते पाण्याहून जड. तरी २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावतं आणि द्राक्षं फक्त १५० ग्रॅम. उरलेली जागा हवेची. बेसनाचे लाडू डब्यात भरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कितीही गच्च भरा, लाडवांमध्ये फटी राहतातच. गोल वस्तू भांड्यात ओतून हलवल्या की साधारण ६४ टक्के जागा भरतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे, आणि द्राक्षांचा कपही हिशेबात त्याच्या आसपासच बसतो. गंमत अशी की गोळे लहान घेतले म्हणून जास्त मावत नाहीत. फटी लहान होतात, पण त्यांची संख्या वाढते. फक्त भांडं गोळ्यांच्या मानानं पुरेसं मोठं हवं. वाटीत मोठी बोरं भरली तर कडेला जास्त रिकामं राहतं, म्हणून मोठ्या फोडी कधी लहान वाटीनं मापू नयेत.

दुसरी हवा फळाच्या पोटातच असते. सफरचंदाचा जवळजवळ चौथा हिस्सा हवा असते, म्हणून ते बादलीत तरंगतं. त्यामुळे सफरचंदाच्या फोडींचा कप १२५ ग्रॅमचा आणि तेवढ्याच आंब्याच्या फोडींचा १६५ चा. आंब्याच्या फोडी शिवाय बुळबुळीत, एकमेकींवरून घसरून आपली जागा करून घेतात. सफरचंदाच्या फोडी अकडून उभ्या राहतात.

आणि मग गर. फळ कुस्करलं, वाटलं, गाळलं की दोन्ही हवा निघून जातात आणि हिशेब एकदम सोपा होतो: मिलिलिटर तेवढे ग्रॅम, पाच टक्के इकडेतिकडे. पिकलेल्या केळ्याच्या चकत्यांचा कप १५० ग्रॅम, कुस्करलेल्या केळ्याचा २२५. चकत्यांनी भरलेला कप कुस्करलात तर तो दोन-तृतीयांशच राहतो. केळ्याचा केक कोरडा झाला म्हणून माझ्या पुतणीनं फोन केला होता, तिचं नेमकं हेच झालं होतं. कप आधी भरला, मग कुस्करला.

२४० मिलिलिटरच्या सपाट, न दाबलेल्या कपासाठी माझ्या वहीतले आकडे देते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांशी ते जुळतात, घरी पाच-दहा ग्रॅमचा फरक येईल.

सगळ्यात हलकं ओलं खोबरं, खोवलेलं, कपाला ८० ग्रॅम. मग सफरचंद: पातळ काप ११०, चौकोनी फोडी १२५. त्यानंतर मोठा घोळका १५० च्या घरात येतो. पपईच्या फोडी १४५, बी काढून चिरलेला खजूर १४७, बेदाणे सैल १४५ (दाबले की १६५), द्राक्षं आणि केळ्याच्या चकत्या १५०, कलिंगडाच्या फोडी आणि अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरी १५२. जरा जड मंडळी: खरबूज १६०, आंबा, अननस आणि पेरू तिन्ही १६५, डाळिंबाचे दाणे १७५, सोललेल्या संत्र्याच्या फोडी १८०. गर आणि रस मात्र पाण्याच्या पंगतीत: कुस्करलेलं केळं २२५, पपईचा गर २३०, स्ट्रॉबेरीचा २३२, चिकूचा २४०, लिंबाचा रस २४४, सीताफळाचा २५०.

हे आकडे पाठ करू नका. '१५०, १६५ आणि गर म्हणजे पाणी' एवढं डोक्यात राहिलं तरी अडलेलं काम पुढे जातं.

आपल्या वाटीत बदलायचं तर कपाच्या वजनाला वाटीच्या मिलिलिटरनं गुणून २४० नं भागायचं. माझी १५० ची वाटी, आंब्याच्या फोडी: १६५ गुणिले १५० भागिले २४०, १०३ ग्रॅम. प्रत्यक्षात ९५ भरतात, कारण वर सांगितलं तसं लहान वाटीत कडेची हवा जास्त.

स्वतःचं माप काढायचं ते असं

जे फळ तुम्ही नेहमी वापरता ते नेहमी चिरता तसंच चिरा. परीक्षेला बसल्यासारख्या एकसारख्या फोडी करू नका, रोज तशा होणार नाहीत. मोठ्या ताटात फोडी कालवून घ्या. वाटी काट्यावर ठेवून शून्य करा. ओगराळ्यानं किंवा हातानं फोडी सोडत जा, दाबू नका. भरली की वाटी ओट्यावर एकदाच हलकी आपटा, शीग आली असेल तर हातानं सपाट करा, वजन लिहा. मग त्या फोडी परत ताटात घाला, कालवा, पुन्हा भरा. असं तीनदा. तिन्हींची सरासरी हा तुमचा आकडा. तीन वजनांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल, तर भरताना हात कुठेतरी दाबला जातोय, नाहीतर फोडी फार लहानमोठ्या आहेत.

वहीत नुसतं 'आंबा ९५' असं लिहू नका. 'केसर, अर्ध्या इंचाच्या फोडी, १५० ची वाटी, न दाबता, ९५ ग्रॅम' असं लिहा. सहा महिन्यांनी आपलंच अक्षर आपल्याला काही सांगत नाही.

दाबण्याबद्दल मी एवढं का बोलते त्याला कारण आहे. काटा यायच्या आधीच्या एका वर्षी कीस खूप झाला म्हणून मी तो वाटीत चेपून चेपून भरला, वाट्या मोजल्या, आणि तेवढ्याच वाट्या साखर घातली. उन्हात ठेवला आणि नेमकं चार दिवस आभाळ आलं. श्रावणात बरणी उघडली तर छुंदा फसफसलेला, वर बुडबुडे, आंबूस वास. पुढे काटा आल्यावर मी तसाच चेपून कीस भरून बघितला: ८२ ऐवजी ११५ ग्रॅम. साखर तीच १२५.

आता हिशेब बघा. कैरीच्या किसात शेकडा दहाच्या आसपास विरघळणारा ऐवज असतो, बाकी बहुतेक पाणी. सैल मापात साखर आणि हा ऐवज मिळून सगळ्या मिश्रणाच्या ६४ टक्के होतो. चेपलेल्या मापात ५७. आपल्याकडे जॅमसाठी जो अन्नसुरक्षेचा नियम आहे त्यात विरघळलेला ऐवज किमान ६५ टक्के असावा लागतो, आणि ते उगाच नाही. तेवढ्या साखरेनं पाणी धरून ठेवलं की आंबवणाऱ्या जंतूंना ते मिळत नाही. कडक ऊन असतं तर पाणी उडून माझे ५७ सुद्धा पासष्टच्या वर गेले असते. उन्हानं साथ दिली नाही आणि वाटीनं फसवलं. आईला कधी फसवलं नाही, कारण तिचा हात वर्षानुवर्षं तसाच सैल पडायचा. हातात माप बसायला तेवढी वर्षं लागतात, तोवर काटा बरा.

साल, कोय, देठ: बाजारातलं वजन वेगळं

कपाचं वजन नेहमी सोललेल्या, बी काढलेल्या फळाचं असतं. बाजारातून आणता ते सालीसकट. मधला हिशेब आला नाही तर एकतर कमी पडतं, नाहीतर शेजारीपाजारी वाटत बसावं लागतं.

खंडेराव मार्केटात (१९०६ सालची ती सुंदर इमारत बघायला लोक येतात, आम्ही भाजी आणायला जातो) फळवाला विचारतो, "बेन, अढीसो आपुं के पांचसो?" तिथे उभ्या उभ्या करायचं गणित सोपं आहे: हवा तेवढा गर, भागिले फळातला खायचा हिस्सा. केसर आंब्यातून माझ्या हाती किलोला ६०० ग्रॅमच्या आसपास रस येतो. ५०० ग्रॅम रस हवा तर ५०० भागिले ०.६, म्हणजे ८३३ ग्रॅम, म्हणजे मुकाट्यानं किलो घ्यायचा. केळ्यात साल जाऊन साधारण ६५ टक्के उरतं, पपईत ६०. अननस आणि कलिंगड निम्मं निम्मं. डाळिंब निम्म्याहून थोडं वर. सीताफळाचं निम्मंच धरा, आणि बियांपासून गर सोडवणारं माणूस आळशी असेल तर त्याहून कमी. चिकू ८०, सफरचंद ९०. पातळ सालीच्या लिंबाचा हिशेब वजनानं करूच नका, पिळा आणि चमच्यानं मापा.

साताऱ्या-पुण्याकडून इकडे आलेल्यांनी एक शब्द जपून वापरायचा: मण. आपल्याकडे मण म्हणजे ४० शेर, नव्या हिशेबात ४० किलो. गुजरातेत मण २० किलोचा. बाजार समितीचे भावही इथे वीस किलोवर निघतात. दिरांच्या लग्नात आमरसासाठी मी मोठ्या तोऱ्यात "दोन मण केसर सांगा" म्हटलं होतं. चाळीस किलो आले. मी ऐंशी किलोवर पंगतीचा हिशेब केलेला. शेवटी रसात दूध वाढवून वेळ निभावली, आणि सासूबाईंनी ते पुढे बरीच वर्षं पाहुण्यांना सांगितलं.

पाककृतीतला शब्दांचा क्रमही नीट वाचा. 'दोन कप चिरलेला अननस' म्हणजे आधी चिरा, मग मापा: ३३० ग्रॅम. 'एक अननस, चिरून' म्हणजे अख्खं फळ, जेवढं भरेल तेवढं. परदेशी पाककृतीत नगावर फळं असली की आणखी जपावं लागतं. अमेरिकन हिशेबात मध्यम केळं सोलून ११८ ग्रॅमचं धरतात. तीन केळी म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. आपल्याकडची बऱ्याच वेळा सोलून ऐंशीचीच निघतात, म्हणजे तीनाच्या जागी चार घालून वर थोडं. वेलची केळी घेतलीत तर सात-आठ लागतील. नग विसरा, काट्यावर ३५० भरेपर्यंत सोलत जा.

गोठवलेलं, डब्यातलं, वाळवलेलं

यावर थोडक्यात. गोठवलेल्या फोडी दगडासारख्या ताठ असतात, कपात कमी मावतात. वितळल्या की बसतात आणि पाणी सोडतात. म्हणून त्या कपानं मापूच नका, गोठलेल्या असतानाच तोला आणि सुटलेलं पाणीही मिश्रणात घाला. आंब्याच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा मिळतो, तो साधारण ८०० मिलिलिटर भरतो, आणि बहुतेक डब्यांत साखर आधीच घातलेली असते. आम्रखंडाला ती लक्षात न घेता वर साखर घालणारे पुष्कळ पाहिलेत. अननसाच्या डब्यावर दोन वजनं असतात, त्यातलं पाक निथळल्यावरचं वजन आपलं. बेदाणे, अंजीर, जर्दाळू चिकट असतात आणि दाबले की दाबत जातात, त्यांना काट्याशिवाय हात लावू नये.

आटवायचं असेल तर पातेलंच तोला

ही युक्ती मला फार उशिरा सुचली. जॅम झाला की नाही हे बघायला आपण बशीत थेंब टाकतो, बोटानं तार बघतो. नव्या माणसाला ती तार दिसत नाही, किंवा सगळीकडेच दिसते. त्यापेक्षा रिकामं पातेलं, ढवळायच्या कालथ्यासकट, आधीच तोलून आकडा लिहून ठेवा.

समजा अननसाचा गर ५५० ग्रॅम आणि साखर ४५० ग्रॅम घेतली. एकूण एक किलो. गरात मुळातला विरघळणारा ऐवज शेकडा १२ च्या आसपास, म्हणजे ६६ ग्रॅम. त्यात साखर मिळवली की ५१६. हे जेव्हा एकूण वजनाच्या ६५ टक्के होईल तेव्हा जॅम झाला. ५१६ भागिले ०.६५ म्हणजे जवळजवळ ८०० ग्रॅम. म्हणजे किलोभराचं मिश्रण आटून आठशेवर आलं की गॅस बंद. दाट झाला का, तार आली का, हे प्रश्न मिटले.

गरम पातेलं मात्र थेट काट्यावर ठेवू नका, प्लास्टिकचा काटा वाकतो आणि आतला सेन्सर बिघडतो. लाकडी पोळपाट आधी ठेवा, शून्य करा, मग त्यावर पातेलं. पातेलं रुंद असलं की आकडा झाकला जातो, पोळपाटाचे पाय इथे आपोआप उपयोगी पडतात. पाय ताटलीवर नीट मावतात ना, हे आधी रिकाम्या पोळपाटानं बघून घ्या.

कुठे काटा नको

शिकरण, कोशिंबीर, फळांचं सॅलड, रायतं, रोजचा आमरस. इथे वजन करत बसलात तर घरातले हसतील आणि त्यांचं बरोबर असेल. चव घेत घेत करायचे पदार्थ आहेत ते. लिंबाचा रस, किसलेली लिंबाची साल, वेलचीपूड, मीठ हेही चमच्यानंच. एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला तीन ग्रॅम मीठ विचारलं तर तो दोन म्हणेल किंवा चार. फारच हौस असेल तर दहा चमचे एकदम तोलून दहानं भागा.

काटा हवाच असे पदार्थ मोजके आहेत: जे वर्षभर टिकवायचेत ते (छुंदा, साखरांबा, मुरांबा, जॅम), जे भट्टीत जातात ते (केक, ॲपल पाय), आणि जे थापायचेत ते. सीताफळाच्या बर्फीत गर पन्नास ग्रॅमनं जास्त झाला की ती वडी राहत नाही, चमच्यानं खायची होते.

वहीतला शेर

शेवटी जुन्या वह्यांबद्दल, कारण बडोद्यातल्या मराठी घरांत त्या अजून निघतात. आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून यायला लागली, त्याआधी लिहिलेलं सगळं शेर-तोळ्यांत. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. नेहमीच्या हिशेबात ८० तोळ्यांचा शेर, ९३३ ग्रॅम. पावशेर २३३. शिवाय दूध आणि धान्य मापायचा शेर वेगळा, तो वजनाचा नव्हे, भांड्याचा.

सासूबाईंच्या वहीत त्यांच्या सासूच्या हातचं एक पान आहे: 'कैरी सोलून १ शेर, साखर दीड शेर, दालचिनी पाव तोळा.' पुन्हा तेच एकाला दीड. मी पहिल्यांदा केलं तेव्हा शेर ९३३ ग्रॅमचा धरला. साखरांबा टिकला, रंगही छान आला, पण दालचिनीचा मागमूस नाही. सासूबाईंना वाटलं मी ती घालायचीच विसरले.

मग बेनच्या यजमानांनी सांगितलं की गुजराती पाढ्यात शेर ४० तोळ्यांचा, आणि अशा ४० शेरांचा मण. इथला मण विसाच्या आसपासचा का, तेही त्यात कळलं. ४० तोळे म्हणजे ४६७ ग्रॅम. कैरी आणि साखर दोन्ही शेरातच लिहिलेली, म्हणून शेर कुठलाही धरला तरी त्यांचं प्रमाण बिघडलं नव्हतं. दालचिनी मात्र तोळ्यात होती, तोळा दोन्हीकडे तोच, आणि मी कैरी दुप्पट घेतली होती. पुढच्या वर्षी ४६७ ग्रॅम कैरी, ७०० ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅम दालचिनी घेतली. सासूबाईंनी चमचा तोंडात घातला, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हां, हा आपला."